तुझ्या गाडीची रेस ढिली का होती

अंबादास, तू मला फसवलंस.

जुन्या मोटारसायकली घेणं आणि विकणं यातच माझं आयुष्य गेलं. शहागंजच्या फुटपाथवर जुने आरसे आणि हेल्मेट मांडून बसत होतो, आज जालना रोडला स्वतःचं दुकान आहे. या काळात मला फसवायला पुष्कळ जण आले. मीटर मागं फिरवून आणलेले, गंजलेल्या टाकीला नवा रंग मारलेले, इंजिनात जाड ऑइल ओतून खडखड दाबलेले. एकाचंही चाललं नाही. तुझं चाललं, आणि तेही माझ्याच दुकानात, माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून.

गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. मी तुझ्याविषयी बोलत नाही, तुझ्याशी बोलतोय. आपण एकमेकांशी गोड बोललोच कधी? आता सुरू केलं तर तूच विचारशील, "शेठ, आज काय गळ्यात मारायचंय?"

तुझा दहावा झाला आणि दोन-चार दिवसांनी रेणुका तुझी गाडी घेऊन दुकानात आली. पोरीचा चेहरा तुझ्यावर गेलाय, पण बोलणं तुझ्यासारखं नाही, बोलते तरी. तिनं गाडी स्टँडला लावली आणि म्हणाली, "काका, पप्पांची गाडी मी चालवणार आहे. वाळूजला ऑफिसला जायला बरी पडंल. पण हिची रेस लई ढिली आहे. मूठ पिळली तरी गाडी आधी झोपून राहते, मग एकदम उठते. सिग्नलला मागचे शिव्या देतात."

मी म्हणालो, "काहीतरीच. तुझ्या बापाची गाडी आहे ती."

"तुम्हीच बघा."

मी मूठ धरली आणि पिळली. पाव वळण मूठ नुसती मोकळी फिरली, इंजिनाला पत्ताच नाही. मग पुढं एकदम आवाज चढला. रेणुकानं माझ्याकडं पाहिलं. तुझ्या गाडीची रेस ढिली, हे माझ्यासाठी तू दाढी न करता लग्नाला येण्यासारखं होतं.

कारण आपली ओळखच ढिल्या रेसवरून झाली. तेव्हा मी माझी पहिली जुनी गाडी विकत घेत होतो. सिटी चौकाजवळ एका गॅरेजसमोर मालक गाडी घेऊन उभा होता. मी मूठ हलवून बघितली, ढिली होती. मी चेहरा पाडला. म्हणालो, रेस गेलेली आहे, याचा अर्थ कार्बोरेटर गेलाय, कार्बोरेटर गेलाय म्हणजे आतलं काय काय गेलंय देव जाणे. मालक घाबरायला लागला होता. आकडा खाली येत होता. तेवढ्यात गॅरेजच्या ओट्यावरून एक काळासावळा पोरगा म्हणाला, "कार्बोरेटरला काय झालं नाय. केबल ढिली आहे. दोन बोटांचं काम आहे." आणि उठून, कोणी न सांगता, तू मुठीपाशी असलेला नट सैल केलास, त्याच्या शेजारची कडी फिरवलीस, नट परत आवळलास. मूठ हलवून दाखवलीस. इंजिन तुझ्या बोटांसोबत बोललं. मालकाची मान ताठ झाली आणि माझा सौदा गेला.

मी तुला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. छापणाऱ्याला अडचण होईल. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "शेठ, खोटं बोलायचं तर माझ्यासमोर नका बोलू. माझ्या कानाला त्रास होतो." फुटपाथवर बसणाऱ्या माणसाला तू शेठ म्हणालास. ते नाव शेवटपर्यंत तसंच ठेवलंस, आणि त्यातली टिंगलही.

दुसऱ्या दिवशी मी परत आलो. म्हणालो, "माझ्याबरोबर काम करतोस का? अट एकच. गाडी बघायला गेलो की तोंड उघडायचं नाही." तू विचार केलास आणि म्हणालास, "तोंड नाय उघडणार. पण हातानं सांगंन." तिथून आपली भागी सुरू झाली. समोरचा मालक बोलत राहायचा, मी घासाघीस करायचो आणि तू गाडीभोवती मुक्यानं फिरायचास. रेस देऊन झाल्यावर तू फडक्याला हात पुसलेस की गाडी चांगली, सोडू नका. उजवा हात खिशात घातलास की ही नको, निघायचं. मालकांना वाटायचं मेकॅनिक मुका आहे. पैठणगेटच्या एका मालकानं तर तुझ्यासाठी वेगळा चहा सांगितला होता, दया येऊन. तू तो प्यालास आणि वर हात जोडलेस. बाहेर आल्यावर मला हसू आवरेना. तू म्हणालास, "हसू नका शेठ. चहा चांगला होता."

तुझ्या हातावर मी दुकान उभं केलं. हे मी लोकांसमोर कधी म्हणालो नाही, तुझ्यासमोर तर नाहीच, नाहीतर तू भागी वाढवून मागितली असतीस. आता म्हणतो. माझं तोंड आणि तुझा हात. तोंडं बाजारात ढीगभर मिळतात.

आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. ते फर्दापूरचं.

गेल्या हिवाळ्यात तिथल्या एका लॉजवाल्याची गाडी बघायला गेलो होतो. पर्यटकांसाठी घेतलेली, फारशी न चाललेली, सावलीत ठेवलेली. मला लांबूनच कळलं की ही गाडी सोडायची नाही. तू रेस दिलीस. मी मालकाशी बोलत होतो पण माझा डोळा तुझ्यावर. तू मूठ सोडलीस आणि उजवा हात खिशात घातलास. मी मनात म्हणालो, ह्याला काहीतरी ऐकू आलंय. मालकाला म्हणालो, बघतो, कळवतो. आणि निघालो.

सिल्लोड यायच्या आधी तू मागून म्हणालास, "का सोडली शेठ? चांगली गाडी होती."

मी गाडी बाजूला घेतली. "तूच तर हात खिशात घातलास."

तू रस्त्याकडं तोंड फिरवलंस.

"घातलास का नाही?"

"थंडी होती."

थंडी! भर दुपारी, डोक्यावर ऊन, आणि तुला थंडी. मी रस्त्यावर उभा राहून तुला बोललो. म्हणालो, एवढ्या वर्षांची आपली खूण, आणि तू ती थंडीपायी मोडतोस? म्हातारा झालास का? की दुसऱ्या कुणाशी भागी केलीस आणि ती गाडी त्याला द्यायचीय? मी हेही बोललो. तू फक्त म्हणालास, "चला, ऊन लागायलंय." मी म्हणालो, "आत्ता तर थंडी होती."  त्यानंतर असंच आणखी दोनदा झालं. हात खिशात, मी गाडी सोडून दिली, आणि मागाहून तू म्हणालास चांगली होती. मी त्या वेळी रागावलो ते बरोबरच होतं, आजही माझं तेच म्हणणं आहे. जो माणूस खूण पाळत नाही त्याच्यावर कोणीही रागावेल. मला जे माहीत नव्हतं ते मी हिशोबात कुठून धरणार?

तर रेणुकाची गाडी. तिला मी रिक्षानं पाठवलं, म्हणालो उद्या घेऊन जा. दुकानातल्या पोरांना दुसऱ्या कामाला लावलं आणि तुझ्या कोपऱ्यात गाडी घेतली. वर्षानुवर्षं तुला बघत आलोय, रेस कशी तपासतात ते मला येतं. तू ज्या क्रमानं करायचास त्याच क्रमानं केलं.

आधी मुठीचं रबर. रबर आतल्या नळीवर घसरत असेल तर मूठ फिरते आणि नळी जागेवरच राहते, आणि लोक उगाच केबलला दोष देतात. तुझ्या मुठीवर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती, चांगली जाड, दोऱ्यानं बांधलेली. मला वाटलं, कंजूस माणूस, रबर झिजलं तरी नवीन घेतलं नाही. पण पट्टीखालचं रबर हलवून बघितलं तर पक्कं बसलेलं, झिजलेलंही नाही. मग मुठीचे स्क्रू. आवळलेले. मग नळी काढून केबलचं टोक बघितलं. तार उसवलेली नाही, गंज नाही, केबल नवीकोरी. ग्रीससुद्धा ताजं.

म्हणजे दोष कुठंच नाही आणि रेस ढिली.

मग मुठीपाशच्या त्या नटाकडं बघितलं. रेस आपोआप ढिली होते तेव्हा हा नट हादऱ्यांनी सैल झालेला असतो, बोटानं फिरतो. तुझा नट पान्याशिवाय हलेना. कडी पार आतपर्यंत फिरवलेली आणि त्यावर नट ठासून आवळलेला. खाली कार्बोरेटरपाशी बघितलं, तिथंही तसंच. म्हणजे रेस ढिली झालेली नव्हती. कोणीतरी ती मुद्दाम ढिली करून तशीच पक्की केली होती.

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, माझ्याशी फर्दापूरवरून वाकडं आलं म्हणून हा दुसऱ्या कुठल्या तरी टपरीवर गाडी दाखवायला गेला आणि त्या गाढवानं हे करून ठेवलं. नवी केबल शहागंजात रफिकभाईच्या दुकानातून गेली असणार, तू दुसरीकडून सामान घेत नव्हतास. तसाच उठलो आणि गेलो.

रफिकभाई गिऱ्हाइकाला स्पार्क प्लग देत होता. मी म्हणालो, "अंबादासच्या गाडीला हात कोणी लावला?"

"क्या हुआ शेठ?"

"रेस ढिली करून ठेवलीय. कुठल्या गाढवानं?"

रफिकभाईनं गिऱ्हाइकाला वाटेला लावलं आणि मला स्टूल दिलं. "बैठो. कायको गरम होते. उनो खुद करे. यहीच, मेरे दुकान के सामने."

"अंबादासनं? स्वतः?"

"हौ. मैं बोला भी, भाई इत्ती ढिली कायको रखते? बोले, हात हिलता ना, टाइट रखूं तो गाड़ी उछलती."

मी विचारलं, "कुणाचा हात हिलतो?"

 रफिकभाईनं दोन्ही हात तोंडावरून फिरवले. "तुम कू मालूम नै था?"

तो सांगत गेला आणि मी ऐकत गेलो. वर्षभरापासून तुझा उजवा हात थरथरत होता. पाना धरताना, माझ्याकडं पाठ करून, डाव्या हातानं उजवा दाबून धरायचास. मुठीवरची पट्टी पकड बसावी म्हणून. शहागंजच्या सगळ्या गल्लीला माहीत होतं. चहावाला तुझा कप अर्धाच भरायचा. रफिकभाईनं तुला विचारलं होतं, शेठला का सांगत नाहीस. तू हसत म्हणाला होतास, "शेठ कू मत बोलो. खराबी मालूम पड़ी तो मेरा भी भाव गिरा देगा."

हे सांगताना रफिकभाईलाही हसू आलं आणि मग त्याचं नाक लाल झालं. मला हसू आलं नाही. मी भाव पाडतो तो घ्यायच्या गाडीचा. जी गाडी माझी आहे तिचा भाव मी कधी पाडला, अंबादास? दुसऱ्या कुणाला पाडू दिला?

परत आलो, गाडी चालू केली. मूठ धरली आणि माझा हात मुद्दाम थरथरवला, जोरात, मनगटापासून. इंजिन शांत. एकाच सुरात चाललेलं. तो सगळा थरकाप त्या ढिलाईत मावत होता. चांगलं काम होतं. तुझी कामं चांगलीच असायची. हात खिशात का जात होता तेही मग कळलं. फर्दापुरात भर दुपारी थंडी का वाजत होती तेही. तू खूण मोडत नव्हतास, हात लपवत होतास, आणि खूण नेमकी तीच निघाली. तुला ते पहिल्याच वेळी कळलं असणार. तरी पुढच्या गाडीलाही तू हात खिशातच घातलास आणि मला चांगल्या गाड्या सोडू दिल्यास. एक वाक्य बोलला असतास तर खूण बदलली असती. कान खाजवला असतास तरी चाललं असतं.

स्मशानात मला सगळ्यांनी सांगितलं होतं, हार्ट अटॅक. झोपेतच गेला. मी मानलं. हात थरथरण्याचा आणि हार्टचा काय संबंध, हे विचारायला मी तुझ्या घरी मुकुंदवाडीला गेलो.

कमलवहिनी एकट्याच होत्या. पाणी दिलं. मी सरळ विचारलं, "वहिनी, अंबादासला काय झालं होतं?"

त्यांनी आधी दाराकडं बघितलं, रेणुका येत नाही ना.  मग म्हणाल्या, "डोक्यात गाठ होती, भाऊजी."

"केव्हापासून?"

"आधी हात सुरू झाला. मग तपासण्या झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करून बघण्यासारखं आहे. गाठ निघू शकते. पण हात परत येईल का, बोलणं राहील का, ते आत्ता सांगता येत नाय. ह्यांनी विचारलं, नाय केलं तर? डॉक्टर म्हणाले, मग फार वेळ नाही. हे उठले. बाहेर येऊन चहा प्याले. मला म्हणाले, घरी चल."

"आणि मला कोणी बोललं नाही."

"त्यांनी शपथ घातली होती."

"का?"

वहिनी माझ्याकडं न बघता बोलल्या. "तुम्ही त्यांना ऑपरेशनला लावलं असतं, भाऊजी."

"लावलं असतंच!"

"म्हणूनच. ते म्हणायचे, दुनियेला नाय म्हणता येतं, शेठला नाय म्हणता येत नाय. तो समोर येऊन बसला की माझ्या तोंडातून व्हय निघंल."

मी तिथं मोठ्यानं बोललो. शेजारीण दारात आली, इतकं मोठ्यानं. वहिनींना म्हणालो, तुम्ही शपथ पाळलीत, पण एक फोन करायला काय झालं होतं, शपथ मोडली म्हणून कोण मरणार होतं?  वहिनींनी माझा ग्लास उचलला आणि आत गेल्या.  मग मी निघालो.

दुसऱ्या दिवशी गाडी नीट केली. नट पान्यानं सोडवला, कडी बाहेर आणली, मुठीत गव्हाच्या दाण्याएवढा खेळ ठेवला, तुझ्या मापानं. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून बघितलं, इंजिनाचा आवाज चढत नाही ना. मूठ सोडून बघितली, झटकन परत येते ना. सगळं जागेवर. ट्यूबची पट्टी कापून काढली, पोरीच्या हाताला ती जाड पडली असती. पट्टी कुठं ठेवली ते तुला सांगायची गरज नाही. रेणुका आली, मूठ पिळली, गाडी लगेच उठली. "झालं की काका," म्हणाली आणि गेली. मागं न बघता वळली, तुझीच सवय.

आता माझं ऐक. डोकं तुझं होतं, गाठ तुझी होती. ऑपरेशन नको म्हणायचा तुला हक्क होता, मी तो काढून घेत नाही. हात गेला असता, बोलणं गेलं असतं, हे मलाही कळतं. पण तू आयुष्यभर माझ्या शेजारी न बोलता बसलास आणि मी तुझं सगळं ऐकलं. आणखी थोडी वर्षं तसंच बसला असतास तर माझं काय अडलं असतं? मी डॉक्टरांशी भांडलो असतो, मुंबईला नेलं असतं, हैदराबादला नेलं असतं, दुसरं मत घेतलं असतं, तिसरं घेतलं असतं. तुझ्याशी रात्रंदिवस वाद घातला असता. कदाचित हरलोही असतो. समोर बसून हरलेला सौदा मला चालतो. हा सौदा मला न सांगता झाला, आणि माझ्याच तोंडाच्या भीतीनं झाला.

तू तर बोलणार नाहीस. म्हणून बाकीच्यांना विचारतो. रफिकभाई, अर्धा कप भरणारा तो चहावाला, ज्यांना ज्यांना तो हात दिसला आणि मला दिसू दिला नाही ते सगळे. आणि वहिनी, तुम्हीसुद्धा. अंबादास जगला असता का नाही ते डॉक्टरांना विचारू नका, मी तुम्हाला विचारतोय. त्याच्यासाठी भांडायला मला बोलवायचं नाही, हे तुम्ही कोणत्या अधिकारात ठरवलंत? मी रोज दुकानात आहे. तुमच्यातल्या एकानं तरी यायचं, समोर बसायचं आणि मला याचं उत्तर द्यायचं.